उसना व्हर्निअर

माझ्याकडे एक व्हर्निअर कॅलिपर आहे. पोलादी, दीडशे मिलिमीटरचा, 0.02 मिलिमीटरपर्यंत माप देणारा. तो माझा नाही. 1995 च्या जुलैत जालन्यात मामांनी तो मला उसना दिला. देताना दोन गोष्टी बजावल्या. एक, परत आणून द्यायचा. दुसरी, याचे जबडे पुरते मिटले तरी हा शून्यावर येत नाही, 0.04 जास्त दाखवतो, तेवढी खोट दर मापातून वजा करायची. दुसरी गोष्ट मी आजवर पाळत आले. पहिली राहून गेली.

मामा सख्खे नव्हेत. माझे वडील राज्य राखीव पोलीस बलाच्या जालन्यातल्या गट क्रमांक 3 मध्ये जवान होते. आम्ही लाइनीत राहायचो आणि एका भिंतीपलीकडे मामांचं बिऱ्हाड. ते आर्मोरर. शस्त्रागाराला तिथे कुणी शस्त्रागार म्हणत नसे, कोत म्हणत, आणि मामांचं निम्मं आयुष्य त्या कोतात गेलं. वडिलांची कंपनी वर्षातले कितीतरी महिने बाहेर. निवडणुका, गणपती, कुठे दंगल, कधी गडचिरोली. ट्रंक आणि वळकटी घेऊन ते गाडीत चढले की आई दारात उभी राहायची आणि पलीकडच्या ओट्यावरून मामा म्हणायचे, "ताई, मी हाय." रॉकेल संपलं, मला ताप आला, रात्री साप निघाला, की भिंतीवर दोनदा थाप मारायची. मामा चप्पल न घालताच यायचे. आईने त्यांना राखी बांधली होती हे खरं. पण नुसत्या राखीने माणूस अठरा वर्षं असा धावून येत नाही.

मी आठवीतून नववीत जाणार होते त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मामा ओट्यावर बसून सागाच्या फळीचा तुकडा कानसत होते. शेजारी भुसा, सँडपेपर, खळीची वाटी.

"काय करायलात मामा?"

"पिस्तूल."

मी खुदकन हसले, ते हसले नाहीत. "नव्या पोरांना खोलणं-जोडणं पाठ होतं," ते म्हणाले, "पण आत काय घडतं ते डोळ्यांनी दिसत नाही ना. म्हणून दुप्पट मापाचं करायलो. एक बाजू उघडी ठेवणार. आतलं सगळं दिसलं पाहिजे."

खरं पिस्तूल कोताच्या बाहेर येत नसे आणि मी कोताच्या आत जात नसे. मी आजतागायत खऱ्या पिस्तुलाला हात लावलेला नाही. तरी त्या एका पिस्तुलाचा एकेक भाग, तो कुठे सरकतो, कुठे अडतो, का अडतो, मला माझ्या स्वयंपाकघरापेक्षा नीट ठाऊक आहे. नव्या पोरांच्या आधी त्या सागाच्या पिस्तुलाची पहिली विद्यार्थिनी मी झाले.

अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचं ते 'पिस्तूल ऑटो 9 एमएम 1ए'. बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनलेलं, मॅगझिनमध्ये 13 राउंड, नळी सुमारे 12 सेंटीमीटर, वजन किलोच्या आतबाहेर. लष्करात तेच, पोलिसांत तेच. मामा त्याला 'ब्राउनिंग' म्हणायचे. मला तेव्हा वाटायचं, ब्राउन रंगाचं काहीतरी असेल.

पहिला धडा कडीचा होता. मामांनी लाकडाची स्लाइड चौकटीवर बसवली आणि विचारलं, "काडतूस फुटलं की गोळी पुढं जाते. मग पुंगळी मागं का येत नाही लगेच?" मला सांगता येईना. त्यांनी आमच्या दाराकडे बोट केलं. वळवाचं वादळ आलं की ते दार कसं धडधडायचं ते मला माहीत होतं. "वारा जोरात असताना कडी काढली तर काय होईल?" दार अंगावर येईल. "मग कडी कधी काढायची?" वारा पडल्यावर. "हे पिस्तूल तेच करतं. फक्त सेकंदाच्या हजाराव्या भागात."

नळीच्या पाठीवर दोन आडवे उंचवटे असतात आणि स्लाइडच्या आतल्या अंगाला त्यांच्या मापाच्या दोन खाचा. उंचवटे खाचांत बसलेले असतात तोवर नळी आणि स्लाइड एकजीव. काडतूस फुटताना आतला दाब प्रचंड असतो. तेवढ्या दाबात पुंगळीला मागून आधार नसेल तर ती फाटते आणि तो आगीचा लोळ धरणाऱ्याच्या तोंडावर येतो. म्हणून दोघं एकमेकांना धरून काही मिलिमीटर मागे सरकतात. तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते, दाब ओसरतो. मग नळीची मागची बाजू खाली झुकते, उंचवटे खाचांतून सुटतात, कडी निघते. आता स्लाइड एकटी मागे जाते, पुंगळी ओढून बाहेर फेकते, घोडा चढवते, आणि स्प्रिंगच्या जोराने परतताना नवं काडतूस पुढे ढकलते.

नळी खाली झुकते ती कशी? इथेच मामा रमायचे. नळीच्या पोटाखाली एक जाड दांडगा ठोकळा असतो आणि त्यात तिरकी खाच. चौकटीत एक आडवा दांडा पक्का बसवलेला. नळी सरळ मागे यायला जाते, तिरकी खाच त्या दांड्यावर चढते, आणि सरळ चाललेल्या नळीला खाली वळावं लागतं. याच्या आधीच्या अमेरिकन पिस्तुलात, 1911 सालच्या, हेच काम एक छोटी झुलती कडी करायची. दोन्ही टोकांना पिना, मध्ये झिजणारा सांधा. "ती कडीच काढून टाकली," मामा म्हणायचे. "हलणारा भाग एक कमी. जो भाग नाहीच, तो मोडत नाही." मला लाकडी नळी हातात देऊन ते शंभर वेळा मागे-पुढे करायला लावायचे. खाचेला मेण लावलेलं असायचं. आजही मेणाचा वास आला की मला तो ओटा आठवतो.

मग म्हणाले, "आता काढून दाखव." मी जमेल तसं चित्र काढलं, उभं-तिरपं, सावलीबिवली देऊन. त्यांनी कागद उलटा केला. "चित्र नको. समोरून कसं दिसतं, वरून कसं, बाजूनं कसं. तीन वेगळे. आणि तिन्हींची मापं एकमेकांशी जुळली पाहिजेत." मला ते येईना, रडू आलं. मामी आतून म्हणाली, "लेकराला कशाला छळायलात?" मामांनी उत्तर दिलं नाही, फक्त नवा कागद पुढे सरकवला. पुढच्या तीन उन्हाळ्यांत असे किती कागद सरकवले असतील! आमच्या लाइनीत मुलींनी टेक्निकल विषय घेण्याची रीत नव्हती. मी घेतला, तो त्या ओट्याच्या बळावर.

मॅगझिनचा धडा शाळेच्या रांगेचा होता. प्रार्थनेनंतर दोन रांगा वर्गाच्या दाराशी येतात आणि एकआड एक आत शिरतात तशी 13 काडतुसं आत दोन रांगांत, एकमेकांच्या फटीत बसतात, आणि वर येताना एकाच ओळीत. आधीच्या पिस्तुलांत सात-आठ काडतुसं मावायची. मूठ जाड न करता 13 बसवायची तर पत्रा, स्प्रिंग, ओठांचा कोन, सगळ्याचं गणित नव्याने करावं लागतं. सहलीला आम्हाला असईला नेलं होतं, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातल्या रणभूमीवर. 23 सप्टेंबर 1803 ला तिथे शिंद्यांच्या फौजेची आणि वेलस्लीची लढाई झाली. परत आल्यावर मामांनी विचारलं, "तिथं घोडेस्वाराच्या पिस्तुलात किती गोळ्या असतील?" मला वाटलं पाच-सहा. "एक. ती सुटली की पुन्हा दारू ठासायची, गोळी ठासायची. एवढा वेळ कोण देतंय? लगेच तलवार." एकापासून 13 पर्यंत यायला माणसाला किती पिढ्या लागल्या, हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं होतं.

नेमाला ते शिस्त म्हणत. जुना शब्द आहे. 'शिस्त धर', 'माशी बघ'. नळीच्या टोकावरच्या त्या बारीक उंचवट्याला माशी म्हणतात. शाळेतली शिस्त आणि ही शिस्त एकच, असं त्यांचं म्हणणं. दोन्हींत श्वास रोखून एका ठिकाणी बघावं लागतं.

त्यांच्या उजव्या हाताच्या बेचक्यात, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या कातडीवर, एक पांढरा वण होता. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "चावलं." हे पिस्तूल चावतं ही जगभरची तक्रार आहे. स्लाइड मागे येताना घोडा मागे झुकतो आणि त्याचा गोल कान मुठीच्या वर आलेल्या कातडीला चिमटा घेतो. जाड हाताच्या माणसाला जास्त. मामांना या दोषाचा राग नव्हता, पण तो त्यांनी कधी झाकलाही नाही. "ज्यानं केलं त्याचा हात बारीक असेल," एवढंच म्हणायचे. मी आज कुठलंही हँडल, कुठलीही पकड काढायला बसते तेव्हा आधी दहा वेगवेगळे हात मोजते. तो वण डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि आता ती गोष्ट, जी त्यांनी मला सगळ्यांत जास्त वेळा सांगितली. या पिस्तुलात मॅगझिन काढलं की चाप चालत नाही. आत एक छोटा खटका आहे, तो मॅगझिनला टेकून असतो. मॅगझिन नसलं की चापाचं आणि घोड्याचं नातं तुटतं. ऐकायला किती चांगलं! पण मॅगझिन काढलं तरी नळीत एक काडतूस राहिलेलं असू शकतं. आणि पिस्तूल रिकामं करून ठेवायचं, म्हणजे चढलेला घोडा उतरवायचा, तर चाप ओढावा लागतो, आणि चाप ओढायला मॅगझिन परत घालावं लागतं. म्हणजे सुरक्षेसाठी केलेली सोयच माणसाला मॅगझिन पुन्हा घालायला आणि चाप पुन्हा ओढायला लावते. मधली एक पायरी चुकली, नळी बघायची राहिली, की गोळी सुटते.

म्हणून मामांचा पाढा होता. मॅगझिन काढ. स्लाइड मागे ओढ. नळीत डोळ्यांनी बघ. मग करंगळीनं चाचप. रिकामं मॅगझिन घाल. तोंड सुरक्षित दिशेला. आता चाप. लाकडाच्या पिस्तुलावरसुद्धा ते मला हा पाढा पूर्ण म्हणायला लावायचे. एकदा मी म्हटलं, "मामा, हे तर लाकूड हाय." ते पहिल्यांदा आणि शेवटचे माझ्यावर रागावले. "हाताला काय ठाऊक लाकूड का लोखंड? हाताला सवय ठाऊक." नंतर खाली बसून, आवाज उतरवून म्हणाले, "डोळ्यानं बघितलं तरी बोटानं बघायचं, माय. डोळा थकलेला असतो."

दहावीनंतर डिप्लोमाला मी तेव्हाच्या औरंगाबादला निघाले. वडील बंदोबस्तावर होते. एसटी स्टँडवर मला सोडायला मामा आले आणि तिथे, गाडी लागत असताना, शर्टाच्या खिशातून रुमालात गुंडाळलेला तो व्हर्निअर काढला. स्वतःच्या पैशांनी घेतलेला, सरकारी नव्हे, हेही आवर्जून सांगितलं. फुकट दिला असता तर मी घेतला नसता, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून उसना.

वाळूजला टूलरूममध्ये कामाला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात वरिष्ठांनी एका मोल्डचं ड्रॉइंग पुढे टाकलं. प्लास्टिकच्या झाकणाला बाजूने भोक हवं होतं. मोल्ड तर सरळ उघडणार, मग भोक पाडणारा भाग बाजूला कसा सरकायचा? ते समजावायला लागले, तिरकी पिन असते, मोल्ड सरळ उघडताना ती साइड कोअरला... मी वाक्य पुरं होण्याआधीच कागदावर काढून दाखवलं. सरळ चाललेल्या गतीला तिरक्या खाचेने वळवायचं. मी हे नववीत, मेण लावलेल्या सागाच्या नळीवर शिकले होते. प्लास्टिकचा दाब उतरेपर्यंत मोल्ड घट्ट धरून ठेवायचा आणि मगच उघडायचा, हेही. वारा पडल्याशिवाय कडी काढायची नाही.

पुढे वाचायला लागले तशी त्या पिस्तुलाची वंशावळ कळत गेली. जॉन मोझेस ब्राउनिंग हे अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेन गावचे, बंदुकी घडवणाऱ्या बापाचे मुलगे. पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच लष्कराला जास्त काडतुसांचं पिस्तूल हवं होतं, आणि मॅगझिन काढल्यावर चाप चालू नये ही अट त्यांचीच. ब्राउनिंगनी बेल्जियममधल्या हर्स्टालच्या कारखान्यासाठी काम सुरू केलं. 26 नोव्हेंबर 1926 ला त्याच कारखान्यात, कामावर असताना, त्यांचं हृदय थांबलं. पिस्तूल अर्धंच होतं. पुरं केलं त्यांच्या हाताखालच्या द्युदोने सेव्ह या बेल्जियन माणसाने. दुहेरी रांगेचं मॅगझिन त्याचंच. 1935 मध्ये बेल्जियमने ते स्वीकारलं. फ्रेंचांनी मात्र घेतलं नाही, दुसरंच घेतलं. पण त्यांची अट पिस्तुलात राहिली, ईशापूरला आली, जालन्यात आली, आणि मामांचा पाढा झाली.

1940 मध्ये जर्मनीने बेल्जियम घेतलं, कारखानाही घेतला, आणि तिथे तीन लाखांवर पिस्तुलं स्वतःसाठी करून घेतली. सेव्ह आणि त्याचे काही सोबती निसटून ब्रिटनला पोचले. आराखडे पुन्हा काढले गेले, आणि 1944-45 मध्ये कॅनडात टोरोंटोच्या जॉन इंग्लिस कंपनीने सुमारे दीड लाख पिस्तुलं केली, चीनसाठी, कॅनडासाठी, ब्रिटनसाठी. त्याच इंग्लिस घडणीवरून आपलं 1ए आलं. युद्धानंतर ती कंपनी धुण्याची यंत्रं बनवू लागली. ड्रॉइंग काढणाऱ्या माणसाला या इतिहासात सगळ्यांत जास्त भिडतो तो पुन्हा काढलेला आराखडा. कारखाना गेला, यंत्रं गेली, पण माप ज्यांच्या डोक्यात होतं ती माणसं वाचली आणि त्यांनी सगळं परत कागदावर आणलं.

आणि एक गोष्ट वाचून मी तशीच उठले आणि जालन्याला फोन लावला. माझ्या वडिलांच्या खांद्यावर इतकी वर्षं जी एसएलआर होती, तीही ईशापूरचीच, ती ज्या बेल्जियन रायफलीवरून आली ती याच सेव्हची. भिंतीच्या अलीकडे त्याची रायफल, पलीकडे त्याचं पिस्तूल. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नाव काय म्हणलीस? परत सांग." मी सांगितलं. त्यांनी ते मामीकडून पेन मागून लिहून घेतलं. "तीस वर्षं त्याच्या वस्तू पुसल्या," म्हणाले, "नाव आज कळायलं."

2018 मध्ये हर्स्टालच्या कारखान्याने हे पिस्तूल बनवणं थांबवलं तेव्हाही मी त्यांना फोन केला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू. ते म्हणाले, "थांबवू दे. जी हायेत ती पुसून ठेवली तर शंभर वर्षं चालतील."

2020 च्या पावसाळ्यात मामा गेले. त्या वर्षी कुणाला कुणाच्या दारात जाता येत नव्हतं. मला शेवटचं दर्शन मिळालं नाही, आणि व्हर्निअर माझ्या टेबलाच्या खणात तसाच राहिला. पुढच्या जानेवारीत 'अस्मी'ची बातमी आली. 9 मिलिमीटरचं मशीन पिस्तूल, आपल्या पुण्याच्या एआरडीईने आणि महूच्या इन्फन्ट्री स्कूलने मिळून केलेलं, लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचा त्यात मोठा वाटा, खालचा भाग कार्बन फायबरचा, चापाचे भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने केलेले. मी फोन हातात घेतला, नंबर लावायला निघाले, आणि मग आठवलं. आतून फार मोठं काहीतरी सरकलं त्या दिवशी. त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता ते मला माहीत आहे : "घोडा चावतो का?"

दोन वर्षांनी जालन्याला गेले. मामींनी आता लाइनीबाहेर, गावात खोली घेतली आहे. मी रुमालासकट व्हर्निअर त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "मामी, हा मामांचा. उसना होता." मामींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याच हातात परत दिला. मग पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढायला लावली. आत जुन्या गणवेशाच्या कापडात ते सागाचं पिस्तूल होतं. "तुझ्याच नावानं ठेवलंय. म्हणायचे, ती येईल तवा दे."

स्लाइड अडत होती. लाकूड फुगलं होतं. देवघरातल्या मेणबत्तीचा तुकडा घेऊन मी खाच घासली, दोनदा मागे-पुढे केलं, तिसऱ्यांदा नळी अलगद खाली झुकली. मामी बघत होत्या. मी रिकामी नळी आधी डोळ्यांनी बघितली, मग करंगळीने चाचपली. मग व्हर्निअर उघडला आणि त्या तिरक्या खाचेची रुंदी घेतली. 12.04. मी 0.04 वजा केले.